एकाच शहरात दोन दुष्काळी संघ, मग सगळं प्रेम एकाच्याच वाट्याला का? (बेसबॉल)

टोपीवाला

इथे क्रिकेटचे धागे रोज निघतात, एखादा बेसबॉलचा चालवून घ्या. क्रिकेटवाल्यांनीही लिहावं, प्रश्न खेळाच्या नियमांचा नाहीच.

शिकागोत बेसबॉलचे दोन मोठे संघ आहेत. उत्तर भागात कब्स, दक्षिण भागात व्हाइट सॉक्स. कब्सची गोष्ट बेसबॉल न बघणाऱ्यांच्याही कानावर गेलेली असते. १९०८ साली वर्ल्ड सिरीज (मोसमाअखेरची विजेतेपदाची मालिका) जिंकली, त्यानंतर थेट २०१६ साली. मधे १०८ वर्षं कोरडी. १९४५ मध्ये बिली सायनिस नावाचा एक बारवाला आपला बोकड घेऊन सामन्याला आला, बोकडाला बाहेर काढलं म्हणून त्यानं शाप दिला, अशी दंतकथा. २००३ साली वर्ल्ड सिरीज गाठायला फक्त पाच बळी हवे होते. तेवढ्यात एका प्रेक्षकाचा हात चेंडूला लागला आणि त्याच इनिंगमध्ये समोरच्यांनी आठ धावा चोपल्या. त्या बिचाऱ्याला पुढे कित्येक वर्षं तोंड लपवून राहावं लागलं. २०१६ च्या विजयानंतर संघानं त्यालाही विजेत्यांची अंगठी दिली. त्या विजयाच्या वेळी कब्सच्या मैदानाच्या, रिग्ली फील्डच्या, विटांच्या भिंतींवर लोक खडूनं नावं लिहीत होते. हा दिवस न बघताच गेलेल्या आजोबांची, आईवडलांची नावं.

आता व्हाइट सॉक्स. त्यांनी १९१७ साली जिंकली, मग २००५ साली. म्हणजे ८८ वर्षांचा दुष्काळ. बॉस्टनच्या रेड सॉक्सच्या ८६ वर्षांवर एवढी पुस्तकं निघाली, त्याहून हा दोन वर्षांनी मोठा. शापच हवा असेल तर तोही होता. १९१९ ची वर्ल्ड सिरीज पैसे घेऊन हरल्याच्या प्रकरणात यांचे आठ खेळाडू बेसबॉलमधून कायमचे हद्दपार झाले. २००५ ला प्लेऑफचे ११ सामने जिंकले, हरला फक्त एक. पण शिकागोबाहेर कुणाच्या डोळ्यांत पाणी आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

त्यामुळे ‘जो संघ हरतो त्याच्यावर लोक जास्त जीव टाकतात’ हे जे सर्रास सांगतात, ते मला पटत नाही. दोघेही तितकेच हरले होते.

माझ्या मते खरा फरक १९८१-८२ च्या सुमारास पडला. १९८१ मध्ये ट्रिब्यून कंपनीनं कब्स विकत घेतले. डब्ल्यूजीएन ही टीव्ही वाहिनी त्यांचीच होती आणि १९७८ पासून ती उपग्रहावरून देशभरच्या केबलवर दिसत होती. त्यात रिग्ली फील्डवर दिवे नव्हते. ते थेट ऑगस्ट १९८८ ला लागले. तोवर घरचा प्रत्येक सामना दुपारी, दीडच्या आतबाहेर सुरू. शाळा सुटून घरी आलेल्या पोरानं टीव्ही लावला की समोर कब्स. पोरगं आयोवातलं असो नाहीतर न्यू मेक्सिकोतलं. समालोचनाला हॅरी कॅरी, जाड चष्म्याचा म्हातारा, सातव्या इनिंगच्या मध्यंतरात माइक बाहेर काढून बेसूर गाणार आणि अख्खं स्टेडियम त्याच्या मागे. हा हॅरी कॅरी आधी ११ हंगाम कुणाकडे होता? व्हाइट सॉक्सकडे! १९८२ साली व्हाइट सॉक्सच्या नव्या मालकांनी बरेचसे सामने पैसे भरून घ्यायच्या वाहिनीवर नेले आणि हॅरी कॅरीनं पलीकडचा रस्ता धरला.

एका संघानं दार सताड उघडं टाकलं, दुसऱ्यानं दारावर तिकीटखिडकी बसवली. पुढची चाळीस वर्षं त्याचीच फळं दोघं खातायत. तुमचं काय म्हणणं?

भटकभवानी

मस्त धागा. टीव्हीचा मुद्दा मान्य, पण तो अर्धाच आहे. मी बॉस्टनच्या बाजूला राहते. इथे लोक रेड सॉक्स निवडत नाहीत, ते आडनावासारखे मिळतात. न्यू इंग्लंडची सहा राज्यं आणि त्यांच्यात मोठा संघ एकच. मेनमधल्या खेड्यातल्या माणसाला दुसरा पर्यायच नाही.

आणि समोर न्यूयॉर्क यांकीज! यांच्या प्रेमातला निम्मा भाग म्हणजे यांकीजचा द्वेष, हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. रेड सॉक्सनी आपला महान खेळाडू बेब रूथ त्यांनाच विकला, तिथून सगळं सुरू. २००४ ची गोष्ट माहीत नसलेल्यांसाठी सांगते. वर्ल्ड सिरीजच्या आधीची मालिका, सातपैकी चार जिंकायचे, यांकीज ३-० नं पुढे. चौथ्या सामन्यात नवव्या इनिंगला रेड सॉक्स एका धावेनं मागे, समोर मारियानो रिव्हेरा, म्हणजे त्या काळचा शेवटची इनिंग गुंडाळणारा सर्वांत भारी पिचर. बदली धावपटू म्हणून डेव्ह रॉबर्ट्सला आत आणला. तो पळणार हे मैदानावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी त्यानं दुसरा बेस चोरलाच (म्हणजे चेंडू मारला जाण्याआधीच पळून पुढचा टप्पा गाठला). बरोबरी झाली, पुढे सामना जिंकला आणि मग ओळीनं चारही. ०-३ वरून मालिका जिंकणारा मेजर लीगमधला (अमेरिकेतली सर्वांत वरची लीग) तो पहिला संघ. त्यानंतर वर्ल्ड सिरीज ४-०. त्या हिवाळ्यात कितीतरी लोक वडिलांच्या थडग्यावर संघाचा झेंडा खोचून आले. आमच्या शेजारचे आजोबा अजून हे सांगताना मधेच थांबतात आणि पाणी पिऊन येतात.

व्हाइट सॉक्सकडे असा शत्रू कुठे होता? त्यांना कब्सचा राग येतो खरा, पण कब्सवाले त्यांच्याकडे बघतसुद्धा नाहीत. सगळ्यात वाईट तेच.

(अवांतर: सध्याचे पोप, लिओ चौदावे, शिकागोचे आणि व्हाइट सॉक्सचे चाहते आहेत. २००५ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्याला ते स्टेडियममध्ये बसलेले टीव्हीच्या जुन्या चित्रणात सापडले. निवड झाल्यावर सुरुवातीला बातमी काय आली? कब्सचे चाहते! भावाला खुलासा करावा लागला. पोप झाला तरी व्हाइट सॉक्सवाल्याच्या नशिबी हेच.)

साधामाणूस

बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. होम रन म्हणजे षटकार, एवढ्यावरच माझी गाडी. पण वाचायला मजा आली.

आपल्याकडे आरसीबी आहेच की. २००८ पासून १८ हंगाम खेळल्यावर २०२५ ला पहिल्यांदा जिंकले. त्याआधीही स्टेडियम भरलेलंच असायचं. उलट मुंबईचा रणजी संघ, ४२ वेळा विजेता. रणजीचा सामना वानखेडेला फुकट बघायला मिळतो तरी स्टँडमध्ये पेपर वाचणारे चार काका. तेव्हा जिंकण्याहरण्याशी संबंध नाही हे खरं. पण कोहली नसता तर आरसीबीचं काय झालं असतं? प्रेम संघावर असतं की माणसावर?

आकडेमोड

@साधामाणूस, बेसबॉलमध्ये दोन्ही प्रकार दिसतात. जपानी खेळाडू ओहतानी एंजल्समधून डॉजर्समध्ये गेला तसे जपानमधले कित्येक प्रेक्षक त्याच्यामागे गेले. पण कब्सचा माणूस खेळाडू गेला म्हणून संघ सोडत नाही. शिव्या देतो आणि तिथेच राहतो.

कारण मोसमाचा आकार. आयपीएलमध्ये साखळीचे १४ सामने. मेजर लीगमध्ये प्रत्येक संघाचे १६२, तेही साधारण सहा महिन्यांत. म्हणजे जवळपास रोज. दुधाच्या रतिबासारखा हा खेळ घरी येतो. रोज जीव मुठीत धरून कुणी बघू शकत नाही, म्हणून लोक तो ऐकता ऐकता भांडी घासतात, गाडी चालवतात. उत्तम संघसुद्धा साठेक सामने हरतोच. आज हरलो तर उद्या परत आहेच. या सवयीतून जी जवळीक तयार होते ती अंतिम सामन्यांतून होत नाही.

सेंट लुईस कार्डिनल्स बघा. ११ वेळा विजेते, पण मिसुरीबाहेर त्यांचे एवढे चाहते का? केएमओएक्स हे ५०,००० वॉटचं रेडिओ केंद्र. १९५० च्या दशकापर्यंत मेजर लीगचा सगळ्यात दक्षिणेकडचा संघ हाच, आणि बराच काळ सगळ्यात पश्चिमेकडचाही. रात्री आर्कान्सा, ओक्लाहोमा, टेनेसीपर्यंत लोक तो आवाज पकडायचे. टोपीवालांनी सांगितलेली टीव्हीची गोष्ट ही याच रेडिओच्या गोष्टीची पुढची आवृत्ती.

आता उलटी बाजू. मायामी मार्लिन्स. १९९३ ला सुरू झाले आणि १९९७ ला वर्ल्ड सिरीज जिंकलीसुद्धा. मालकानं लगेच महागडे खेळाडू विकले, पुढच्याच वर्षी १०८ पराभव. २००३ ला परत जिंकले, दोन वर्षांनी परत विक्री. दोन विजेतेपदं असूनही स्टेडियम रिकामं. माझ्या मते लोक पराभव पचवतात, पण आपल्याला कुणी गंडवतंय असं वाटलं की उठून जातात.

आणि १९६४ चं न्यूयॉर्क तर उदाहरण म्हणून शाळेत शिकवावं. यांकीज लीगचे विजेते. शहरातला दुसरा संघ मेट्स १०९ सामने हरून तळाला. मोसमभरात यांकीजच्या घरच्या सामन्यांना १३ लाखांवर लोक आले. मेट्सच्या? १७ लाखांवर!

भटकभवानी

@आकडेमोड, १९६४ ला मेट्सचं शे स्टेडियम नवंकोरं होतं, शेजारी जागतिक प्रदर्शन भरलं होतं, हेही सांगा की राव. आकडे अर्धेच टाकायचे नाहीत.

आकडेमोड

बरोबर आहे, पण नवं स्टेडियम मार्लिन्सनाही २०१२ ला मिळालं. सरकत्या छताचं, वातानुकूलित. तिथे दुसऱ्याच वर्षी गर्दी ओसरली. मेट्सच्या मागे एक जखम होती. १९५७ नंतर ब्रुकलिन डॉजर्स आणि न्यूयॉर्क जायंट्स हे दोन्ही संघ कॅलिफोर्नियाला निघून गेले. लाखो लोक रातोरात बिनसंघाचे. यांकीजचा झेंडा हातात धरणं त्यांना शक्यच नव्हतं. १९६२ ला मेट्स आले तेच डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा नारिंगी रंग घालून. पहिल्या वर्षी १२० पराभव, तरी लोकांनी कडेवर घेतलं.

ओसाकाकर

जपानबद्दल कुणी लिहीलसं वाटलं होतं, शेवटी मीच लिहितो. जरा लांबेल.

ओसाका-कोबे पट्ट्यात हानशिन टायगर्स. मालकी हानशिन रेल्वे कंपनीची, मैदान कोशिएन, १९२४ चं. कागदोपत्री ते ओसाकात नाही, शेजारच्या ह्योगो प्रांतातल्या निशिनोमिया शहरात आहे, पण ओसाकातल्या माणसाला हे ऐकवू नका. शत्रू टोकियोचे योमिउरी जायंट्स. त्यांनी १९६५ ते १९७३ ओळीनं नऊ वेळा जपान सिरीज (लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) जिंकली. राजधानी, पैसा, मोठं वर्तमानपत्र, सगळं त्यांच्याकडे. इकडचे लोक म्हणजे व्यापारी, बोलघेवडे, टोकियोला नाक मुरडणारे. टायगर्स जायंट्सना हरवतात तेव्हा इथे नुसता सामना जिंकलेला नसतो.

टायगर्सनी पहिली जपान सिरीज जिंकली १९८५ ला. त्या वर्षी लीग जिंकल्यावर ओसाकातल्या दोतोनबोरीच्या पुलावर गर्दी जमली. एकेका खेळाडूचं नाव पुकारायचं, त्याच्यासारखा दिसणारा गर्दीतून पुढे येऊन खाली कालव्यात उडी मारणार. दाढीवाल्या अमेरिकन रँडी बासचं नाव आलं, पण गर्दीत गोरा माणूस कुठून आणणार? मग जवळच्या केएफसीच्या दारातला कर्नल सँडर्सचा पुतळा उचलला आणि फेकला पाण्यात. त्यानंतर संघ वर्षानुवर्षं तळाला, म्हणून हा कर्नलचा शाप. पुतळा २००९ मध्ये गाळातून सापडला. तरी जपान सिरीजचं विजेतेपद २०२३ लाच आलं, ३८ वर्षांनी. तेही ओसाकाच्याच ओरिक्स बफेलोजना सातव्या सामन्यात हरवून. प्रशिक्षक आकिनोबु ओकादा स्वतः १९८५ च्या संघातले. पुतळा मात्र फार झिजला होता, २०२४ मध्ये कंपनीनं त्याच्यावर साके (तांदळाची दारू) शिंपडून त्याला रीतसर निरोप दिला.

२००५ च्या जपान सिरीजमध्ये टायगर्स लोत्ते या संघाकडून चारही सामने हरले, एकूण धावा ३३ विरुद्ध ४. आजही इथे कुणी ‘३३-४’ म्हटलं की टायगर्सवाल्याचा चेहरा पडतो. आणि गंमत म्हणजे हा आकडा सगळ्यात जास्त वेळा तेच स्वतःहून उकरून काढतात.

टीव्हीचा मुद्दा इथेही लागू पडतो. कोबेची सन टीव्ही ही छोटी स्थानिक वाहिनी. मोठ्या वाहिन्या नऊ वाजले की सामना अर्ध्यात तोडून पुढचा कार्यक्रम लावायच्या, ही शेवटच्या चेंडूपर्यंत दाखवायची. दारुण पराभवसुद्धा संपूर्ण.

पण मला खरं सांगायचंय हिरोशिमाबद्दल. कार्प संघ १९५० ला सुरू झाला. बाँबला पाच वर्षंही झाली नव्हती. मागे बडी कंपनी नाही. खेळाडूंचे पगार थकले, १९५१ मध्ये संघ दुसऱ्यात विलीन करायची भाषा सुरू झाली. तेव्हा लोकांनी मैदानाच्या दारात साकेची रिकामी पिंपं ठेवली. येणाराजाणारा त्यात नाणी टाकायचा. ज्यांच्या स्वतःच्या डोक्यावर धड छप्पर नव्हतं अशी माणसं. संघ वाचला, पण पहिल्यांदा लीग जिंकायला १९७५ उजाडलं. १९९१ नंतर पुन्हा २५ वर्षांचा खंड. २०१० नंतर लाल टोप्या घातलेल्या तरुण मुली झुंडीनं स्टेडियमला यायला लागल्या, टोकियोतूनसुद्धा, आणि २०१६ ते २०१८ सलग तीनदा लीग जिंकली. तिथल्या म्हाताऱ्यांना ‘तुम्ही या संघाचे चाहते का’ असं विचारणंच चूक, आमचे पैसे आहेत त्यात, असं ऐकवतात.

चहाटळ

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

कोपऱ्यातला_खवट

एवढं भारावून जायला काय झालं? रेल्वे कंपनीला प्रवासी हवेत, टीव्हीवाल्यांना जाहिराती हव्यात. शाप, बोकड, पुतळे, सगळं टोप्या विकायला बरं पडतं. चाहता म्हणजे गिऱ्हाईक. फरक एवढाच की हे गिऱ्हाईक दुकान बदलत नाही, म्हणून मालकांना फार आवडतं.

पाचवी_गल्ली

@कोपऱ्यातला_खवट, मग ओकलंडचं ऐका. मी पलीकडच्या फ्रीमाँटला राहतो.

ओकलंड ए’ज. १९७२, ७३, ७४ आणि १९८९, चार वर्ल्ड सिरीज. २००२ मध्ये चणेफुटाण्याच्या बजेटमध्ये सलग २० सामने जिंकलेला संघ. स्टेडियम म्हणजे काँक्रीटचा डबा, एकदा तर ड्रेसिंग रूममध्ये गटाराचं पाणी शिरलं होतं. पण उजव्या बाजूच्या स्टँडमध्ये ढोल घेऊन बसणारी मंडळी असायची, हिरवे-पिवळे झेंडे. ढोलताशा ऐकत वाढलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही.

मालकांनी चांगले खेळाडू विकले, तिकिटं महाग केली आणि मग म्हणाले, बघा, लोक येत नाहीत, आम्ही लास व्हेगासला चाललो. यावर लोकांनी काय केलं? १३ जून २०२३, मंगळवार. संघ अख्ख्या लीगमध्ये तळाला. त्या दिवशी ठरवून २७,७५९ लोक आले. बहिष्कार उलटा फिरवला: आम्ही आहोत हे दाखवायला येऊ. ‘विका’ एवढाच शब्द छापलेले हिरवे टी-शर्ट फुकट वाटले, वर्गणी काढून. पाचव्या इनिंगच्या सुरुवातीला सगळं स्टेडियम मुद्दाम चिडीचूप आणि मग एकदम ‘संघ विकून टाका’ अशा घोषणा. समोर मजबूत टँपा बे, तरी सामना २-१ नं जिंकला.

फरक काही पडला नाही. २६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमधला शेवटचा सामना झाला. ५७ हंगाम संपले. तो ३-२ नं जिंकला, ४६ हजारांवर माणसं होती. आता संघ सॅक्रामेंटोच्या एका छोट्या मैदानावर तात्पुरता बसलाय.

तेव्हा गिऱ्हाईक म्हणू नका. गिऱ्हाईक दुकान बंद झालं की शेजारच्या दुकानात जातं. खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्को जायंट्स आहेत, सुंदर स्टेडियम, समुद्रकाठ. माझ्या ओळखीचा एकही ए’जवाला तिकडे गेलेला नाही. त्याऐवजी २०२४ ला पश्चिम ओकलंडमध्ये ‘बॉलर्स’ नावाचा छोट्या लीगमधला संघ निघाला, त्यात सामान्य लोकांनी पैसे घातलेत. वर ओसाकाकर यांनी हिरोशिमाच्या पिंपांचं लिहिलंय, ते वाचून हेच आठवलं.

कोपऱ्यातला_खवट

मालक शेवटी जिंकलाच ना? माझा मुद्दा तोच आहे.

पाचवी_गल्ली

मालकाला संघ मिळाला, माणसं मिळाली नाहीत. व्हेगासात त्याला पर्यटकांवर भागवावं लागेल. बघू.

टोपीवाला

सगळ्यांना धन्यवाद, धागा अपेक्षेपेक्षा फार चांगला चाललाय.

@भटकभवानी, शत्रूचा मुद्दा जोरदार आहे, पण कब्सचा शत्रू कार्डिनल्स, आणि ती चुरस तुमच्या बॉस्टन-न्यूयॉर्कइतकी विखारी कधीच नव्हती. तरी कब्सचं वेड आहेच. म्हणून शत्रूला मी फोडणी म्हणेन, भाजी नव्हे.

ओसाका, हिरोशिमा, ओकलंड वाचल्यावर माझं मत असं होतंय की आधी संघ रोज, सहज, शक्यतो फुकट घरात यायला हवा, तोही लहान वयात. एकदा तो आत आला की मग पराभव, शाप, शत्रू हे सगळं कामाला येतं. व्हाइट सॉक्सचं दुःख खरंच होतं, पण ऐन वेळी ते पैसे भरणाऱ्यांनाच दिसलं. २०२४ ला ते १२१ सामने हरले, आधुनिक बेसबॉलमधला विक्रम. एवढं मोठं भांडवल दुसऱ्या कुणाला मिळालं असतं तर त्यावर दोन पिढ्या चाहते तयार झाले असते.

काळजी एकच. आता बहुतेक संघांचे सामने वेगवेगळ्या सशुल्क वाहिन्यांवर आणि ॲपवर विभागलेत. कब्सनीही २०२० ला स्वतःची वाहिनी काढली आणि डब्ल्यूजीएन सोडलं. दुपारी शाळेतून आलेल्या आजच्या पोराला काय दिसतं?

आकडेमोड

फोनवरच्या तीस सेकंदांच्या चित्रफिती. त्यांतून ओहतानीचे चाहते तयार होतील, संघाचे होतील का, शंका आहे. @साधामाणूस, तुमच्या कोहलीच्या प्रश्नाचं उत्तर कदाचित हेच असेल.

साधामाणूस

वाचून एखादा सामना बघावासा वाटतोय. भारतातून कधी बघायचा?

टोपीवाला

कब्सचा घरचा सामना दुपारी १:२० ला असला की भारतात रात्री ११:५०. अडीच-पावणेतीन तासांत संपतो. २०२३ पासून पिचरला घड्याळ लावलंय, पूर्वीसारखा रेंगाळत नाही.

ओसाकाकर

कोशिएनचा संध्याकाळी ६ चा सामना भारतात दुपारी २:३० ला. झोप मोडायला नको.

साधामाणूस

दुपारी अडीचला आमची मीटिंग असते. रात्रीचंच बघतो. जाता जाता एक शंका: मेट्सचे लोक १ जुलैला कसला सण साजरा करतात? ऑफिसातला एक अमेरिकन दरवर्षी त्या दिवशी केक आणतो.

आकडेमोड

बॉबी बोनिला दिवस! हा खेळाडू मेट्सना नकोसा झाला तेव्हा त्याचे ५९ लाख डॉलर देणं बाकी होतं. संघ म्हणाला, आत्ता नको, व्याज लावून नंतर देतो. व्याज ८ टक्के. परिणामी तो २००१ ला निवृत्त होऊनही २०११ पासून २०३५ पर्यंत दर १ जुलैला त्याच्या खात्यात साधारण ११.९ लाख डॉलर पडतात. आपल्याच संघाच्या अशा व्यवहाराचा केक कापणारे लोक मेट्सखेरीज कुठे सापडतील असं वाटत नाही. तुमच्या ऑफिसातल्या माणसाला १९६२ बद्दल विचारा, संध्याकाळपर्यंत सोडणार नाही.